नांगरलेल्या शेतात लाल-राखाडी खापरं सापडली, रोमन असतील का? (इंग्लंड)

ओलीमाती

नमस्कार मंडळी, इतिहासवाल्यांची मदत हवीये. मी चार वर्षांपासून इंग्लंडात राहतो, पीटरबरोच्या पश्चिमेला नेन नदीच्या खोऱ्यात, एका खेड्यात. गावामागून पब्लिक फुटपाथ जातो, म्हणजे शेतातून तिरकी गेलेली पायवाट, शेत खाजगी पण वाट सगळ्यांची. गेल्या आठवड्यात ते शेत नांगरलं, मग दोन दिवस पाऊस झाला आणि रविवारी ऊन पडलं म्हणून लेकीला (वय ९) घेऊन बाहेर पडलो. ती खाली बघून चालते आणि मी मोबाईलमध्ये बघून, त्यामुळे जे सापडलं ते सगळं तिलाच सापडलं हे आधीच कबूल करतो.

पावसाने धुऊन निघालेल्या ढेकळांवर लाल लाल काहीतरी चमकत होतं. एक उचललं, दुसरं उचललं, मग वाट सोडून जरा आत गेलो, आणि अर्ध्या तासात जेवणाचा डबा ठेवायची पिशवी भरली. घरी येऊन सिंकमध्ये धुतलं, त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली, ते असो. आता ओट्यावर पेपर पसरून मांडलंय ते असं:

राखाडी रंगाची साधी खापरं, वीसेक. एकाला बाहेर वळवलेला काठ आहे, आपल्या मडक्याला असतो तसा.

पातळ तुकडे तीन, आतून पांढरट आणि वरून चॉकलेटी-काळा लेप.

अंगठ्याच्या पेराएवढा एक विटकरी लाल तुकडा, अगदी गुळगुळीत, मंद चकाकी असलेला, आणि त्याला बारीक गोल भोक. मुलगी म्हणते गळ्यातलं लॉकेट आहे.

काळपट तुकडे, हाताला हलके लागतात, अंगावर बारीक बारीक खड्डे, किड्याने खाल्ल्यासारखे.

जाड सपाट लाल तुकडा, साधारण अडीच सेंटीमीटर जाड, एका कडेला उंच उचललेली पट्टी. वरच्या बाजूला ओल्या मातीत बोटं फिरवल्यासारखे अर्धगोल.

दोन लाल तुकडे, त्यांच्यावर कंगवा ओढल्यासारख्या रेघा.

लाल चौकोनी ठोकळे सात, फाशांपेक्षा मोठे, साधारण इंचभर. दोनांना पांढरं काहीतरी चिकटलंय, चुन्यासारखं.

आणि एक गोलाकार लाल पाईपसारखा तुकडा, शिवाय निळी-पांढरी चिनी मातीची किरकोळ टिकल्या-टिकल्या.

प्रश्न असे की हे रोमन आहे का, असेल तर केवढं जुनं, आणि हे ठेवून घेतलं तर चालतं का? गावाचं नाव टाकत नाही, उगाच कुणी ओळखायला नको.

सदा_शंका

दादा, उत्साहावर पाणी ओततोय पण इंग्लंडच्या शेतात लाल दिसलं की रोमन हा रोग मलाही झाला होता. आमच्या मागच्या बागेत मला एक लाल खापर मिळालं, गोल बूड, मधोमध भोक. मी नेटवर वाचून ठरवलं की रोमन चाळणी आहे, चीज करायची. कापसात गुंडाळून म्युझियमच्या ओळख-दिवसाला घेऊन गेलो, रांगेत तासभर उभा राहिलो. बाईंनी हातात घेतलं, फार प्रेमाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ही झाडाची कुंडी आहे, फार फार तर व्हिक्टोरिया राणीच्या काळची.

त्यामुळे तुमचं ते भोकवालं लॉकेट म्हणजे कुंडीच. पाईप म्हणजे शेतातलं पाणी काढायचा पाईप. बाकीचं कौलं-विटा, कुणीतरी जुनं घर पाडलं असेल.

खापरवेडी

सदाभाऊ, निम्मं बरोबर बोललात आणि निम्म्यात घसरलात. मी दोन उन्हाळे इंग्लंडात उत्खननावर काम केलंय, त्यातला बराचसा वेळ खड्ड्यात नाही, तर नळाखाली टूथब्रशने खापरं घासण्यात गेलाय, त्यामुळे ह्या विषयावर मला थांबवणं अवघड आहे, आधीच माफी मागते.

पहिल्यांदा कचरा बाजूला काढू. पाईपसारखा तुकडा खरोखरच ड्रेनचा आहे, इंग्लंडच्या जड चिकणमातीत एकोणिसाव्या शतकात मैलोन् मैल असे भाजक्या मातीचे पाईप पुरलेत. गंमत म्हणजे तेव्हा विटा-कौलांवर कर होता आणि पाणी काढायच्या कौलांना १८२६ च्या कायद्याने सूट मिळाली, अट एवढीच की कौलावर 'ड्रेन' असा शिक्का पाहिजे. असा शिक्कावाला तुकडा मिळाला तर लेकीला जरूर द्या, तोही इतिहासच आहे की. निळी-पांढरी चिनी माती त्याच सुमाराची. घरातला फुटका-तुटका माल उकिरड्यावर, उकिरडा शेणखताबरोबर शेतात, असा तिचा प्रवास.

बाकीचं मात्र, तुम्ही लिहिलंय त्यावरून, बऱ्यापैकी रोमन वाटतंय. रोमन म्हणजे ब्रिटनच्या हिशोबात इ.स. ४३ ते साधारण ४१०.

जाड सपाट तुकडा ज्याची कड उचललेली आहे ते टेग्युला, रोमन छपराचं सपाट कौल. दोन टेग्युला शेजारी-शेजारी मांडल्या की त्यांच्या दोन उचललेल्या कडा एकमेकींना टेकतात आणि त्या फटीवर अर्धगोल कौल पालथं घालतात, त्याला इम्ब्रेक्स म्हणतात. आपल्याकडे जुन्या घरांवर नळीची कौलं असायची ना, तसंच दिसतं ते. एक अख्खं टेग्युला पाच-सात किलोचं सहज भरतं, म्हणजे खालचा वासा किती दणकट लागत असेल बघा. इंग्लंडमधली नंतरच्या काळातली साधी सपाट कौलं जेमतेम सव्वा-दीड सेंटीमीटर जाड असतात आणि खुंटी मारायला त्यांना वरच्या बाजूला भोकं असतात. तुमचा तुकडा अडीच सेंटीमीटर आणि वर कड, इथे शंकेला जागा कमी. ते बोटांचे अर्धगोल म्हणजे कौल करणाऱ्याची खूण, सिग्नेचर मार्क म्हणतात, पण ती नक्की कशासाठी, माल मोजायला की कुणी केला ते कळायला, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मला स्वतःला ती खूण सोन्याच्या नाण्यापेक्षा जास्त आवडते. ओल्या मातीवर कुणीतरी दोन बोटं फिरवली आणि पुढच्या कौलाकडे वळला, बास.

लंडनमध्ये तर एका कौलावर भाजायच्या आधी कुणीतरी लॅटिनमध्ये खरडून ठेवलंय, त्याचा साधारण अर्थ असा की ऑस्टालिस तेरा दिवस झाले रोज एकटाच भटकायला जातोय. कामावर दांडी मारणाऱ्याची चहाडी, तीही भाजून पक्की केलेली!

कंगव्याच्या रेघांचे तुकडे सगळ्यात बोलके. ती बॉक्स फ्लू टाईल, म्हणजे पोकळ चौकोनी नळी. जमिनीखाली छोट्या विटांचे खांब उभे करून त्यावर फरशी टाकायची, बाहेर भट्टी पेटवायची, गरम हवा फरशीखालून फिरायची आणि भिंतीत बसवलेल्या ह्या नळ्यांतून वर जायची. ह्या पद्धतीला हायपोकॉस्ट म्हणतात. रेघा ओढायच्या कारण नळीवर गिलावा चिकटला पाहिजे, आपले गवंडी पहिल्या हाताच्या प्लास्टरला टाचे मारतात तसंच. साध्या शेतकऱ्याच्या गोल झोपडीत हे नसतं. म्हणजे आसपास कुठेतरी गरम खोल्या असलेलं घर किंवा स्नानगृह होतं, आणि ते ज्याचं होतं त्याच्या खिशात पैसे होते.

ठोकळे म्हणजे टेसेरा. मोझॅक म्हटलं की आपल्याला रंगीबेरंगी चित्रं आठवतात, पण ह्या इंचभराच्या लाल टेसेरा व्हरांडा, पडवी, चित्राच्या बाहेरची चौकट अशा साध्या फरशीच्या असतात, बऱ्याचदा जुनी कौलंच फोडून केलेल्या.

आता भांडी. राखाडी खापरं ही रोमन ब्रिटनची रोजची भांडी, कुठल्याही साइटवर ढिगाने मिळतात. भट्टीत शेवटी हवा कोंडली की माती राखाडी होते, हवा खेळती ठेवली की लाल. चॉकलेटी लेपवाली पातळ भांडी तर तुमच्या गावचीच म्हणायची, नेन व्हॅली वेअर, पांढऱ्या मातीवर गडद लेप. पीटरबरोच्या पश्चिमेला वॉटर न्यूटनपाशी ड्युरोब्रिवे नावाचं रोमन गाव होतं, त्याच्या आजूबाजूला भट्ट्याच भट्ट्या. एडमंड आर्टिस नावाच्या गृहस्थाने १८२० च्या दशकात तिकडे कॅस्टर वगैरे भागात त्या खणून काढल्या, तो एका अर्लच्या घराचा कारभारी होता. ह्याच भांड्यांवर कधी कधी पातळ मातीची धार सोडून काढलेली शिकारीची चित्रं असतात, कुत्रे सशामागे पळतायत अशी.

खड्डे पडलेली काळपट खापरं म्हणजे शेली वेअर. मातीत शिंपल्यांचा चुरा असतो, जमिनीतल्या पाण्याने तो विरघळतो आणि मागे खड्डे राहतात, म्हणून हलकीही लागतात.

आणि लॉकेट! सदाभाऊ, कुंडीला मंद चकाकी नसते हो. हे सॅमियन असणार. गॉलमध्ये म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये पहिल्या शतकात ला ग्रोफेसेंक आणि दुसऱ्या शतकात लेझू इथे हजारोंनी बनायचं, तिथून जहाजात भरून इकडे. चांगल्या घरातली ताटं-वाट्या. त्याच्यावर काचेसारखं ग्लेझ नसतं, बारीक गाळलेल्या मातीचा लेप असतो जो भट्टीत लाल चकाकतो. काचेसारखी जाड झळाळी दिसली तर तो तुकडा बहुतेक मध्ययुगातला किंवा त्यानंतरचा. आता भोक. ते लटकवायला नाही, दुरुस्तीला! सॅमियनची वाटी फुटली की दोन तुकड्यांना कडेशी भोकं पाडून शिशाच्या टाच्याने जोडायचे. एवढ्या लांबून आलेली वाटी टाकवत नसेल कुणाला. भोक तुकड्याच्या फुटलेल्या कडेजवळ आहे का बघा, असेल तर पैज लावायला तयार आहे.

ओलीमाती

ताई, कडेजवळच आहे!! कडेपासून जेमतेम अर्धा सेंटीमीटर. हात थरथरतायत. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे त्यांच्याकडे पण आई ओरडत होती वाटी फोडल्यावर.

बांधावरचा_वकील

सगळे आनंदात आहेत म्हणून जरा कडू बोलतो. पब्लिक फुटपाथचा हक्क हा फक्त जा-ये करायचा असतो. वाट सोडून आत गेलात ती एक गोष्ट, आणि जमिनीत किंवा जमिनीवर जे पडलंय ते इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे जमीनमालकाचं असतं ही दुसरी. न विचारता पिशवी भरून आणणं कायद्याच्या भाषेत चोरीत जाऊ शकतं. कुणी लगेच पोलीस पाठवणार नाही, पण बाब तशी आहे. तेव्हा शेतकऱ्याला गाठा, पिशवी दाखवा, सरळ सांगा की माहीत नव्हतं.

'ट्रेझर' हा वेगळा मामला. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट मुख्यतः सोनं-चांदी, नाण्यांचे साठे, अशा गोष्टींसाठी आहे, सुटं खापर किंवा कौल त्यात येत नाही. पण नाण्यांचा साठा मडक्यात मिळाला तर ते मडकंही त्याच्याबरोबर ट्रेझर धरतात, आणि मग १४ दिवसांत कळवणं बंधनकारक. बाकीच्या गोष्टी कळवणं ऐच्छिक आहे, त्यासाठी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे, तिचे फाइंड्स लिएझॉन ऑफिसर प्रत्येक भागात असतात, फुकट बघून देतात. हे इंग्लंड-वेल्सचं झालं. स्कॉटलंडला गेलात तर नियम एकदम वेगळा, तिथे खापर असो की मुकुट, सगळं आधी कळवायचं आणि त्यावर हक्क राजसत्तेचा.

अजून एक, ते शेत शेड्यूल्ड मॉन्युमेंट आहे का ते तपासा. १९७९ च्या कायद्याने संरक्षित जागेवर परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. गावाचं नाव टाकलं नाहीत ते फार बरं केलंत, रात्री डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या चोरट्यांना, ज्यांना तिथे नाइटहॉक म्हणतात, असल्या धाग्यांवर आयता पत्ता मिळतो.

खापरवेडी

वकीलसाहेब बरोबर. आणि मला कायद्यापेक्षाही जे खुपलं ते सांगते, ओलीमाती रागावू नका. तुम्ही पिशवीत वीस खापरं आणलीत पण ती कुठे पडली होती ते शेतातच राहिलं. खापराला खापर म्हणून फार किंमत नाही, अशी लाखो खापरं म्युझियमच्या तळघरांत खोक्यांत पडून आहेत. ती कुठे होती, किती होती, कशाच्या शेजारी होती, ह्यातून घर उभं राहतं.

उदाहरण देते. राखाडी खापरं शेतभर विरळ पसरलेली असतील, छोटी, कडा घासून गोल झालेल्या, तर तिथे घर असेलच असं नाही. तो खताचा सडा, रोमन काळातल्या उकिरड्यावरून शेणाबरोबर शेतात आलेला. निळ्या-पांढऱ्या चिनी मातीची तीच गोष्ट मघाशी सांगितली, फक्त दीड हजार वर्षं आधीची. पण एका जागी कौलं, टेसेरा, चुना, मोठाली खापरं एकत्र दाटली असतील तर तिथे काहीतरी उभं होतं. तुमच्या टेसेरांना चुना चिकटलाय हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. चुना चिकटलेला टेसेरा वर आला म्हणजे तो फार वर्षं शेतात लोळलेला नाही. नांगराचा फाळ फरशीपर्यंत पोचलाय आणि दर वर्षी तिचा एक एक घास घेतोय. खापरांच्या कडा बघा, फुटलेली कड आतून ताज्या रंगाची आणि धारदार असेल तर तीही आत्ताच फुटलेली.

कौलांबद्दल मात्र सावध. रोमनांनंतर आलेल्या सॅक्सन आणि नॉर्मन लोकांनी रोमन विटा गाडीभर भरभरून पळवल्यात. सेंट ऑल्बन्सच्या ॲबीचा मनोरा बघितला असेल तर तो जवळच्या व्हेरुलेमियममधल्या रोमन विटांनी बांधलाय, तुमच्या बाजूला नॉर्थॅम्प्टनशरमध्ये ब्रिक्सवर्थच्या सॅक्सन चर्चच्या कमानींतही रोमन विटा आहेत. म्हणजे दोन-चार कौलं मिळाली तर ती कुणी शेताच्या वाटेवर भर म्हणून टाकलेलीही असू शकतात. भांडी, कौलं, टेसेरा, तिन्ही एका ठिकाणी असले तरच इथे घर होतं असं म्हणायचं.

मोबाईलवर ऑर्डनन्स सर्व्हेचा (तिथलं सरकारी नकाशा खातं) ग्रिड रेफरन्स, म्हणजे जागेचा नकाशावरचा आकडा, दाखवणारं ॲप टाका. सहा आकडी नोंद म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, त्यात आख्खं घर हरवतं. आठ आकडी म्हणजे दहा मीटर, दहा आकडी म्हणजे एक मीटर. निदान आठ तरी. आणि धुताना नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, साबण नको, रंगवलेला गिलावा मिळाला तर त्याला पाणीही लावू नका.

घाटमाथा

अवांतर होतंय, पण खापर ओळखण्यात मोठी माणसंही फसतात म्हणून लिहितो. भारतात कित्येक ठिकाणी उत्खननात मिळालेली जाड खापरं वर्षानुवर्षं रोमन अँफोरा म्हणून नोंदलेली होती, म्हणजे दारू-तेलाचे ते लांबट रांजण. पुढे त्यांची माती आणि आतला काळा डांबरासारखा लेप नीट तपासला तेव्हा त्यातली बरीच मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो जारची निघाली. कुंडीचं दुःख मानू नका सदाभाऊ.

बाकी ओलीमाती, तुमच्या शेतात अँफोरा मिळाला का? स्पेनहून ऑलिव्ह तेल घेऊन येणारा गोल पोटाचा प्रकार असतो, ड्रेसेल २०, एकात साठ-सत्तर लिटर तेल. रोममध्ये मॉन्टे टेस्टाच्चो नावाची टेकडीच्या टेकडी मुख्यतः त्याच्या फुटक्या खापरांची आहे.

ओलीमाती

नाही हो, तेवढं जाड काही नव्हतं. किंवा असेल तर आम्ही वीट समजून सोडलं. आधी शेतकऱ्याकडे जातो, पोटात गोळा आता मला आलाय.

ओलीमाती

तीन आठवड्यांनी अपडेट. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

शेत एका सत्तरीच्या बाईंचं निघालं. मी पिशवी घेऊन दारात, मुलगी माझ्या मागे. चुकलो म्हणून सुरुवात केली तर बाईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही, गोठ्यामागच्या शेडमध्ये घेऊन गेल्या आणि एक लोखंडी बादली दाखवली. बादली भरून कौलं! त्यांच्या सासऱ्यांनी नांगरताना उचलून ठेवलेली. त्या तुकड्याला ते घरात 'रोमन पॅच' म्हणत, आणि तिथे नांगर दगडाला लागून फाळ मोडतो म्हणून शिव्याही घालत. बाई म्हणाल्या की २०१८ च्या कडक उन्हाळ्यात गहू तिथे आधी पिवळा पडला होता, चौकोनी पट्टे दिसत होते, त्यांना वाटलं खत टाकायचं मशीन बिघडलं.

बादलीतल्या एका कौलावर कुत्र्याचा पंजा उमटलाय. पाच खळगे, एक मोठा, चार छोटे, स्पष्ट. वाळत ठेवलेल्या ओल्या कौलांवरून कुत्रं चालत गेलं असणार. माझ्या मुलीने त्यात आपली बोटं घालून बघितली आणि विचारलं की कुत्र्याला कुणी ओरडलं का. बाईंनी तिला सांगितलं, बाळा, गेली साठ वर्षं मीही हाच विचार करत्ये.

परवानगी मिळाली, अट एकच, डिटेक्टर नाही. पेरणीच्या आधी दोन रविवार होते. खापरवेडीताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं बांबूच्या काठ्या रोवून दहा-दहा मीटरच्या पट्ट्या पाडल्या, प्रत्येक पट्टीत चालायचं, दिसेल ते मोजायचं, पट्टीच्या पिशवीवर नंबर. मुलीने वहीत रकाने आखले, भांडं, कौल, ठोकळा, इतर. इतरमध्ये एक गोल्फचा बॉल आणि ट्रॅक्टरचा नट आहे. पहिल्या दिवशी पाठ मोडली. पण दुसऱ्या रविवारी संध्याकाळी वहीवरचे आकडे आलेख-कागदावर भरले तेव्हा अंगावर काटा आला, कारण कौलं आणि ठोकळे साधारण तीस पावलांच्या एका तुकड्यात दाटलेत आणि तिथून बाहेर पडलं की एकदम संपतात, राखाडी खापरं मात्र उताराने खाली खाली विरळ होत शेताच्या टोकापर्यंत गेलीत. आणि गंमत म्हणजे आमचा फुटपाथ त्या दाट तुकड्याच्या कोपऱ्यावरूनच जातो. चार वर्षं मी तिथून फोनवर बोलत गेलोय.

काउंटीच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्डमध्ये (ऐतिहासिक जागांची नोंदवही) बघितलं, शेत शेड्यूल्ड नाही. एक जुनी नोंद आहे, एका ओळीची, 'रोमन कौलं, नांगरटीत', आणि जागा शेजारच्या शेतात दाखवलीय. फाइंड्स ऑफिसरची भेट झाली. सॅमियनचा तुकडा मध्य गॉलचा, दुसऱ्या शतकातला, भोक दुरुस्तीचंच. ताई, पैज जिंकलात. त्यांनी आमची वही मागून घेतली आणि प्रत्येक पान स्कॅन केलं, खापरांकडे त्या मानाने कमी बघितलं. माझ्या मुलीची मान तेव्हापासून ताठ आहे.

आता प्रश्न. पिशव्या गॅरेजमध्ये आहेत, कौलंच साठ किलोच्या वर भरतील. हे सगळं ठेवायचं का? आणि बाई विचारतायत की पुढे काय करावं, त्यांना शेत तर पेरायचंय.

खापरवेडी

वा वा वा. वहीच्या पानाचा फोटो टाका ना, जागा झाकून.

कौलांचं असं करतात. पट्टीवार वजन करायचं, प्रकार मोजायचे (टेग्युला, इम्ब्रेक्स, फ्लू, सपाट वीट), जाडी लिहायची, आणि खुणा, शिक्का, पंजा, जोडणीची खाच असलेले तुकडे वेगळे काढून बाकीची साधी ऑफिसरला विचारून आणि बाईंच्या संमतीने परत शेताच्या कडेला. सगळं साठवायला कुणाकडेच जागा नाही. पूर्ण लांबी-रुंदी शिल्लक असलेली वीट मिळाली तर नक्की मापा, रोमन फूट २९.६ सेंटीमीटरचा, आणि वीस सेंटीमीटरची चौकोनी वीट असेल तर ती हायपोकॉस्टच्या खांबाची. बादलीत बघा, सासरेबुवांनी असली एखादी तरी ठेवली असणारच. भांड्यांची खापरं मात्र एकही टाकू नका.

शेत पेरू द्या. बाईंचं पोट त्यावर आहे. फक्त त्या तीस पावलांच्या जागी नांगर खोल न घालता वरवर मशागत केली, किंवा तेवढा तुकडा गवताखाली सोडला, तर फरशी वाचते. ऐतिहासिक जागेवर नांगर चालवायचं थांबवलं तर शेतकऱ्याला पैसे मिळतील अशा सरकारी योजनाही असतात, ऑफिसरांना तेवढं विचारा. खणायची घाई कुणी करू नका.

शेजारच्याच रटलंडमध्ये २०२० च्या लॉकडाउनमध्ये केटनजवळ शेतमालकाचा मुलगा घरच्यांबरोबर फिरायला गेला आणि गव्हात त्याला वेगळीच खापरं दिसली. त्याने उपग्रहाचे फोटो बघितले, काउंटीला कळवलं, आणि लेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी खणलं तर खाली ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलीस आणि हेक्टरच्या लढाईचं मोझॅक, साधारण अकरा मीटर बाय सात. ती जागा आता संरक्षित आहे. तुमच्याकडे तसं असेल असं अजिबात म्हणत नाही, लाल टेसेरांवरून पडवी एवढंच कळतं.

बांधावरचा_वकील

बाईंकडून परवानगी लेखी घ्या. दोन ओळी पुरेत, खापरं कुणाकडे राहणार हे त्यात लिहा. आत्ता सगळं गोडीगुलाबीत आहे तोवरच.

ओलीमाती

घेतली. बाईंनी बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं की भांडी म्युझियमला चालतील, कौलं आमची, आणि पंजावालं कौल मुलीचं, पण ते राहणार त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत, मुलीने हवं तेव्हा येऊन बघावं. मुलीला हा सौदा मान्य आहे, रोज शाळेतून येताना थांबते.

विटेचं बघितलं. बादलीच्या तळाशी होती, एका कोपऱ्यात टवका उडालेली. वीस सेंटीमीटरला दोन मिलिमीटर कमी.

सदा_शंका

मी काय म्हणतो, कुंडीवर जर दोन बोटांचे अर्धगोल असतील तर? नाही, सहज विचारतोय. परत एकदा बघायला काढलीय.